डॉ. खानोलकर आणि अदृश्य किरण

इसवी सन १८९५ हे वर्ष वैद्यकाच्या इतिहासात चिरस्मरणीय ठरले आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात जर्मनीतील वुर्झबर्ग या गावी विल्हेल्म रॉन्टगेन या शास्त्रज्ञाला एका अद्‌भुत किरणाचा शोध लागला. हा किरण डोळ्यांना दिसत नव्हता. पण कागद, लाकूड आणि माणसाचे मांस यांच्या आरपार तो सहज जात होता आणि आतील हाडांची छाया छायाचित्रणाच्या काचेवर उमटवीत होता. त्याचे स्वरूप अज्ञात असल्यामुळे त्याला क्ष-किरण हे नाव मिळाले. त्याच वर्षी, एप्रिल महिन्याच्या १३ तारखेला, एका मराठी कुटुंबात वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म झाला. पुढे साठ वर्षांनी या अदृश्य किरणांनी आणि त्यांच्या भावंडांनी मानवजातीपुढे एक बिकट प्रश्न उभा केला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी पंधरा राष्ट्रांचे शास्त्रज्ञ एकत्र बसले, तेव्हा त्यांत भारताचे प्रतिनिधी म्हणून डॉ. खानोलकर होते.

वसंतरावांनी वैद्यकाचे उच्च शिक्षण इंग्लंडमध्ये घेतले. १९२३ साली लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी त्यांनी मिळवली. त्यांचा विषय होता विकृतिशास्त्र. रोगामुळे शरीराच्या घटकांत कोणते बदल होतात, याचा अभ्यास करणारे हे शास्त्र आहे. शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. एखाद्या अवयवाचा लहानसा तुकडा घेऊन त्याचा अतिशय पातळ काप काढतात, तो रंगवून काचपट्टीवर ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मग कोणती पेशी निरोगी आणि कोणती बिघडलेली, हे जाणकाराच्या नजरेला कळते. असा वैद्य रुग्णाच्या खाटेजवळ क्वचितच दिसतो. त्याचे नाव रुग्णाला ठाऊकही नसते. परंतु रोग कोणता आहे याचा शेवटचा निवाडा बहुधा त्याच्या टेबलावर होतो.

मायदेशी परतल्यावर डॉ. खानोलकरांनी मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज या संस्थांत अध्यापन केले. त्या काळी आपल्या देशात वैद्यकीय संशोधनाची साधने फार थोडी होती. रुग्णांची संख्या मात्र अपार होती. रोज डोळ्यांसमोर येणाऱ्या रुग्णांमध्येच संशोधनाचे विषय दडलेले आहेत, हे डॉ. खानोलकरांनी ओळखले आणि विद्यार्थ्यांनाही त्या दृष्टीने पाहण्यास शिकवले.

इकडे अदृश्य किरणांची कथाही पुढे सरकत होती. क्ष-किरणांच्या पाठोपाठ १८९६ साली फ्रान्समध्ये हेन्री बेकेरेल यांना युरेनियम या धातूतून आपोआप किरण बाहेर पडत असल्याचे आढळले. १८९८ साली मारी आणि पिएर क्यूरी या दांपत्याने पोलोनियम आणि रेडियम ही नवी मूलद्रव्ये शोधून काढली. रेडियम तर अंधारात मंद प्रकाश देई. या नवलाईने लोक मोहून गेले. पण जे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला लागले तरी जाणवत नाहीत, ते अपाय करीत असतील अशी शंका आरंभी फार थोड्यांना आली.

त्या अज्ञानाची किंमत अनेकांना मोजावी लागली. बेकेरेल यांनी खिशात रेडियमची नळी बाळगली, तेव्हा तिच्यालगतच्या त्वचेवर जखम झाली. अमेरिकेत एडिसन या संशोधकाचा सहायक क्लॅरेन्स डॅली हा क्ष-किरणांच्या यंत्रांची परीक्षा करताना वारंवार स्वतःचा हात किरणांसमोर धरीत असे. त्याच्या हातांवर व्रण उठले, त्यांचे रूपांतर कर्करोगात झाले, हात कापावे लागले आणि १९०४ साली तो मरण पावला. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावणाऱ्या अमेरिकेतील कामगार मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. त्यांच्या जबड्याची हाडे कुजली आणि कित्येक जणी अकाली मृत्यू पावल्या. स्वतः मारी क्यूरी १९३४ साली निवर्तल्या, त्या रक्ताच्या एका दुर्धर विकाराने. अस्थींच्या आतील मज्जा नवे रक्त निर्माण करण्यास असमर्थ झाली होती, आणि आयुष्यभर अंगावर घेतलेले किरण हेच त्याचे कारण मानले जाते.

तथापि याच किरणांत रोग बरा करण्याचेही सामर्थ्य आहे, हे वैद्यांनी लवकरच ओळखले. कर्करोगाच्या पेशी बेसुमार वेगाने वाढतात, आणि वेगाने वाढणाऱ्या पेशींवरच या किरणांचा आघात अधिक होतो. म्हणून रोगट भागावर बेताने किरण टाकले, तर तेथील पेशी मरतात आणि आसपासच्या निरोगी पेशी बऱ्याच अंशी सावरतात. एकच वस्तू अपाय करणारी आणि उपाय करणारीही होती. फरक होता तो मात्रेचा आणि वापरणाऱ्याच्या ज्ञानाचा.

१९३१ साली मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. या रोगावर भारतातच उत्तम उपचार मिळावेत, अशी त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांची इच्छा होती. दुसऱ्याच वर्षी तेही वारले. पण त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने ती इच्छा पूर्ण केली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. शस्त्रक्रिया, क्ष-किरण आणि रेडियम या तिन्ही उपायांनी तेथे कर्करोगावर उपचार होऊ लागले. या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख म्हणून डॉ. खानोलकरांची नेमणूक झाली.

देशाच्या दूरदूरच्या भागांतून रुग्ण परळला येऊ लागले. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. लातूरच्या माणसाला मुंबईस जावयाचे, तर बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या गाडीने कुर्डुवाडी गाठावी लागे आणि तेथे मोठी गाडी धरावी लागे. नांदेडच्या माणसाला मनमाडपर्यंत यावे लागे आणि तेथे गाडी बदलावी लागे. अशा प्रवासानंतर पोहोचणाऱ्या रुग्णाचा रोग पुष्कळदा फार वाढलेला असे. म्हणून रोग झाल्यावर उपचार करणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो मुळात का होतो हे शोधणेही महत्त्वाचे होते. डॉ. खानोलकरांनी या दुसऱ्या कामाला स्वतःला वाहून घेतले.

त्यांची पद्धत साधी आणि चिकाटीची होती. रुग्णाच्या पेशी तपासून ते थांबत नसत. तो कोणत्या भागातील आहे, काय खातो, काय ओढतो, कोणते वस्त्र नेसतो, याचीही ते नोंद घेत. अशा शेकडो नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, की त्यांतून एखादा दुवा आपोआप पुढे येई. १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या एका सहकारी महिलेने मिळून एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्या देशातील काही विशिष्ट चालीरीतींमुळे होणाऱ्या कर्करोगाच्या तीन प्रकारांचे त्यात वर्णन होते. वर्षानुवर्षे कमरेला धोतर आवळून बांधल्याने त्या जागेची त्वचा काळवंडते, जाड होते आणि कधी कधी तेथे कर्करोग उद्भवतो, असे त्यांना दिसले. आंध्रच्या किनाऱ्यावरील काही स्त्रिया चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून धूम्रपान करीत. त्यांच्या टाळूला कर्करोग होई. तंबाखू आणि चुना मळून ओठाच्या आत ठेवणाऱ्यांना ओठाचा कर्करोग होई. तंबाखू-चुन्याची ही सवय मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतही परिचयाची आहे. कर्करोग हा दैवाचा कोप नाही; शरीराला दीर्घकाळ जो जाच होतो, त्याची नोंद पेशी ठेवीत असतात, ही गोष्ट या संशोधनाने स्पष्ट झाली.

ज्या वर्षी हा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी जगाने एक भयंकर दृश्य पाहिले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा आणि ९ ऑगस्ट रोजी नागासाकी या जपानी शहरांवर अणुबाँब टाकण्यात आले. स्फोटाच्या धक्क्याने आणि आगीने हजारो माणसे तत्काळ मरण पावली. परंतु जी वाचली होती, त्यांतील कित्येकांना दोन-तीन आठवड्यांत एक विलक्षण आजार झाला. आरंभी त्यांना उलट्या झाल्या. मग काही दिवस बरे वाटले. त्यानंतर डोक्याचे केस गळू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, त्वचेखाली जांभळे ठिपके उमटले आणि ताप चढला. अंगावर जखम नसलेली माणसेही अशा रीतीने मरण पावली.

हे असे का घडले, याचे उत्तर पेशींच्या व्यवहारात आहे. शरीरात पाण्याचा अंश फार मोठा असतो. हे किरण पेशीतून जाताना पाण्याच्या कणांची मोडतोड करतात, आणि त्यातून निर्माण झालेले तीव्र द्रव्यांश आसपासच्या घटकांवर आघात करतात. कधी किरण पेशीच्या मध्यभागी असलेल्या डीएनए नावाच्या धाग्यालाच थेट तोडतात. या धाग्यात पेशीने कसे वागावे याच्या सर्व आज्ञा साठवलेल्या असतात. लहानसहान तुटलेले भाग पेशी स्वतः सांधते. पण आघात मोठा असेल, तर ती मरते किंवा तिचे विभाजन थांबते. ज्या पेशी सतत विभागत असतात, त्यांना हा फटका प्रथम बसतो. अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर आणि केसांची मुळे येथे अशा पेशी असतात. अस्थिमज्जा थंडावली, की रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणारे कण नवे तयार होत नाहीत. जुने संपेपर्यंत माणूस बरा दिसतो. ते संपले, की रक्तस्राव आणि ताप सुरू होतो. मधले काही दिवस बरे वाटण्याचे रहस्य हेच होते.

याहून फसवा होता तो उशिरा होणारा परिणाम. स्फोटानंतर दोन-तीन वर्षांनी वाचलेल्या लोकांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढू लागले. त्यानंतर अनेक वर्षांनी इतर अवयवांच्या कर्करोगातही वाढ दिसली. मातेच्या उदरात असताना ज्यांना किरण लागले, त्यांतील काही मुलांचे डोके लहान राहिले आणि बुद्धीची वाढ खुंटली. पेशीने तुटलेला धागा सांधताना चूक केली, तर ती चूक पेशीबरोबर जिवंत राहते, तिच्या संततीत उतरते आणि दीर्घ काळानंतर कर्करोगाच्या रूपाने प्रकट होऊ शकते. धोतराच्या घट्ट गाठीने आणि तंबाखूच्या चिमटीने वर्षानुवर्षांनंतर जे घडते, ते पाहण्यात डॉ. खानोलकरांचे आयुष्य गेले होते. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये पडणारे हे लांबलचक अंतर त्यांच्या पूर्ण परिचयाचे होते.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि डॉ. खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. कर्करोगाप्रमाणेच कुष्ठरोगावरही त्यांनी मोलाचे संशोधन केले. कुष्ठरोगात मज्जातंतूंना कोणती इजा होते, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. त्या काळी कुष्ठरोग्याला समाज दूर लोटीत असे. ज्या रोगांच्या नावाचीच लोकांना धास्ती वाटे, नेमके तेच रोग त्यांनी अभ्यासासाठी निवडले.

अशा वेळी १ मार्च १९५४ हा दिवस उजाडला. प्रशांत महासागरातील बिकिनी या प्रवाळबेटावर अमेरिकेने हायड्रोजन बाँबची चाचणी केली. स्फोट अपेक्षेपेक्षा फारच मोठा झाला. तेथून दूर, ठरवलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर, जपानची एक मासेमारी नौका समुद्रात होती. काही तासांनी तिच्यावर पांढरी राख पडू लागली. ती किरणोत्सर्गी झालेल्या प्रवाळाची धूळ होती. नौकेवरील २३ कोळी आजारी पडले आणि त्यांतील बिनतारी यंत्र चालवणारा आइकिची कुबोयामा सप्टेंबर महिन्यात मरण पावला. मार्शल बेटांवरील रहिवाशांवरही ती राख पडली. शांततेच्या काळात, युद्धाशी कसलाही संबंध नसलेल्या माणसांवर हे संकट कोसळले होते.

सारे जग हादरले. एप्रिल १९५४ मध्ये पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याचे आवाहन केले. परंतु आवाहनाला वस्तुस्थितीचा आधार हवा होता. म्हणून अणुस्फोटांच्या परिणामांविषयी एक पुस्तक सिद्ध करण्यात आले आणि भारत सरकारने ते १९५६ साली प्रसिद्ध केले. पदार्थवैज्ञानिक डॉ. दौलतसिंग कोठारी यांनी ते तयार केले, आणि त्यांना डॉ. होमी भाभा व डॉ. खानोलकर यांचे साहाय्य लाभले. स्फोटातून काय बाहेर पडते हे पदार्थवैज्ञानिक सांगू शकत होते. पण ते माणसाच्या अस्थीत आणि रक्तात शिरल्यावर काय होते, हे सांगण्यासाठी वैद्याची गरज होती. केवळ भयाचे वर्णन न करता हिशेबाने आणि पुराव्याने लिहिलेले हे पुस्तक जगभर वाखाणले गेले.

दरम्यान ३ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी एक वैज्ञानिक समिती नेमली. अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटन ही बाँब बाळगणारी राष्ट्रे तीत होती. बाँबचा तडाखा सोसलेला जपानही तीत होता, आणि भारतही होता. परस्परांवर अविश्वास असलेल्या राष्ट्रांचे शास्त्रज्ञ एका टेबलाभोवती बसून एकाच प्रश्नाचे उत्तर शोधू लागले. भारताच्या बाजूने हे काम डॉ. खानोलकरांकडे आले.

प्रश्न कठीण होता. मोठ्या मात्रेने माणूस आजारी पडतो, हे तर कळलेच होते. पण चाचण्यांची धूळ वाऱ्याबरोबर पृथ्वीभर पसरून पावसाबरोबर अत्यंत थोड्या प्रमाणात सर्वत्र पडत होती. तिचे काय? त्या धुळीत स्ट्रॉन्शियम-९० नावाचे एक द्रव्य असते. रासायनिक गुणांत ते चुन्यातील कॅल्शियमसारखे असल्यामुळे शरीर फसते. पाऊस गवतावर आणि पिकावर पडतो; तो चारा गाय खाते; गाईचे दूध मूल पिते; आणि हाडे बनवण्यासाठी कॅल्शियम शोधणारे शरीर त्याच्याबरोबर स्ट्रॉन्शियमही हाडांत साठवते. त्याची तीव्रता निम्मी होण्यास सुमारे २९ वर्षे लागतात. म्हणजे हजारो कोस दूर झालेल्या स्फोटाचा अंश शेताच्या बांधावरील गवतातून घरातील पेल्यापर्यंत पोहोचू शकत होता. हाडांची वाढ मुलांत सर्वाधिक होते; म्हणून ही काळजी मुख्यतः मुलांविषयीची होती.

हिशेब करावयाचा, तर मोजण्याचे मापही हवे. किरणांचा शरीरावर होणारा परिणाम आज सीव्हर्ट या मापाने मोजतात. याच समितीवर असलेले स्वीडनचे शास्त्रज्ञ रॉल्फ सीव्हर्ट यांच्या नावावरून हे माप पुढे रूढ झाले. त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिसीव्हर्ट. सर्व शरीराला एकदम सुमारे १,००० मिलिसीव्हर्ट लागले, तर माणूस आजारी पडतो; सुमारे ४,००० लागले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावू शकतात. याउलट छातीचे एक क्ष-किरण चित्र काढताना मिलिसीव्हर्टच्या दहाव्या भागाहूनही सामान्यतः कमी मात्रा लागते.

आणि किरण केवळ बाँबमधून किंवा यंत्रांतूनच येतात असे नाही. आकाशातून, मातीतून, दगडांतून, अन्नातून आणि हवेतूनही ते प्रत्येक माणसाला मिळत असतात. जगाची सरासरी काढली, तर ही नैसर्गिक मात्रा वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट भरते. ती सर्वत्र सारखी नसते. लातूरची भूमी ज्वालामुखीच्या काळ्या खडकाची आहे. त्या खडकात किरणोत्सर्गी द्रव्ये फार कमी असतात. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात, देगलूरच्या बाजूला, हा काळा खडक संपतो आणि ग्रॅनाइटचे गोलाकार धोंडे दिसू लागतात. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम आणि थोरियम यांचा अंश अधिक असतो. एवढ्या फरकाने भिण्याचे काही कारण नाही. परंतु केरळच्या किनाऱ्यावर चवरा आणि करुनागपल्ली या परिसरातील वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट नावाचे खनिज पुष्कळ आहे, आणि तेथील काही ठिकाणी नैसर्गिक किरणांची मात्रा सरासरीच्या अनेकपट आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या लोक राहत आले आहेत. या किनाऱ्याकडे संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीचे लक्ष गेले, कारण अल्प मात्रेचा दीर्घकाळ होणारा परिणाम अभ्यासण्यास ती एक नैसर्गिक प्रयोगशाळाच होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत तेथील रहिवाशांमध्ये या किरणांमुळे कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. भीतीने आधीच निष्कर्ष काढण्यापेक्षा माणसे मोजणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसते.

समितीचा पहिला अहवाल १९५८ साली प्रसिद्ध झाला. त्यात भयाचा आक्रोश नव्हता आणि खोटा दिलासाही नव्हता. किरणांची मात्रा अगदी अल्प असली, तरी तिच्यामुळे आनुवंशिक, आणि कदाचित शारीरिकही, अपाय होण्याचा संभव असतो, असे त्यात नमूद केले होते. वंशावर होणाऱ्या परिणामाची चिंता त्या वेळी फार मोठी होती. हिरोशिमा आणि नागासाकी येथे वाचलेल्या लोकांना पुढे झालेल्या मुलांची दीर्घकाळ तपासणी झाली; तीत सुदैवाने आनुवंशिक दोषांची वाढ दिसून आलेली नाही. मात्र किरण लागलेल्या माणसाला स्वतःला पुढे कर्करोग होण्याचा धोका मात्रेबरोबर वाढतो, ही गोष्ट पक्की ठरली आहे. वैज्ञानिकांनी गोळा केलेल्या अशा पुराव्यांनी जगाचे मत तयार होत गेले. अखेर ५ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटन यांनी हवेत, अंतराळात आणि पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याचा करार केला. सर्व राष्ट्रांनी तो लगेच पाळला नाही आणि भूमिगत चाचण्याही चालूच राहिल्या. तथापि आकाशातून पडणारी ती धूळ त्यानंतर पुष्कळ कमी झाली.

देशातही डॉ. खानोलकरांवर मोठी जबाबदारी होती. भारतात अणुशक्तीचे युग सुरू होत होते. १९५६ साली तुर्भे येथे अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. अणुऊर्जा विभागाच्या जीवशास्त्र आणि वैद्यक या विषयांवरील सल्लागार समितीचे डॉ. खानोलकर अध्यक्ष होते. नव्या शक्तीबरोबर तिच्याजवळ काम करणाऱ्या माणसाचे रक्षणही झाले पाहिजे, हे पाहणे अशा समितीचे कर्तव्य असते. क्लॅरेन्स डॅलीच्या काळी जे कोणाला ठाऊक नव्हते, ते आता ठाऊक झाले होते. म्हणून आता निष्काळजीपणाला क्षमा नव्हती.

डॉ. खानोलकरांच्या कार्याचा अनेक प्रकारे गौरव झाला. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नेमले. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. टाटा स्मारक रुग्णालय १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आले, आणि १९६६ साली रुग्णालय व कर्करोग संशोधन संस्था मिळून टाटा स्मारक केंद्र ही एकच संस्था झाली. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, डॉ. खानोलकर दिवंगत झाले. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

आज रोगाचे निदान करून घेण्यासाठी प्रत्येक रुग्णाला मुंबई गाठावी लागत नाही. नांदेड आणि लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे विकृतिशास्त्राचे अध्यापन होते, आणि सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्टीवर पेशींचा निवाडा होतो. क्ष-किरण विभागाच्या दारावर तीन पात्यांचे एक चिन्ह असते. आत किरण आहेत, विनाकारण येऊ नये, असे ते सुचवते. गर्भवती स्त्रीने तेथे जाण्यापूर्वी आपली अवस्था डॉक्टरांना सांगावी, असा नियम असतो. आत काम करणाऱ्या माणसाच्या छातीवर एक लहानसा बिल्ला लावलेला असतो. त्याच्या शरीराला किती किरण लागले, याची नोंद तो बिल्ला मूकपणे ठेवतो आणि ठरावीक काळाने ती तपासली जाते. ज्या किरणांना डोळा पाहू शकत नाही आणि त्वचा ओळखू शकत नाही, त्यांचा हिशेब माणसाने अशा रीतीने आपल्या हाती घेतला आहे.

अज्ञानातून दोन दोष जन्माला येतात. माणूस एकतर नको तेथे धीट होतो, नाही तर नको तेथे भितो. घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या त्या मुलींना धोका सांगितला गेला नाही, म्हणून त्या निर्धास्त राहिल्या. दुसरीकडे, किरणांच्या नावानेच घाबरून उपचार टाळणारा रुग्ण आपलाच जीव धोक्यात घालतो. या दोहोंच्या मधला मार्ग मोजमापाचा आहे. डॉ. खानोलकर आयुष्यभर त्याच मार्गाने चालले. धोतराच्या गाठीपासून अणुबाँबच्या राखेपर्यंत त्यांनी सर्वत्र एकच प्रश्न विचारला : याने माणसाच्या पेशीचे काय होते? आणि पुरावा हाती येईपर्यंत त्यांनी उत्तराची घाई केली नाही.